आठवणीचा पुरावा : यवतमाळ जिल्ह्यातील स्वातंत्र्यसैनिक आणि सन्मान निवृत्तिवेतन

स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, सुरू झाली, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील जंगल सत्याग्रहाला ४२ वर्षे आणि पैनगंगेपलीकडच्या निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याला २४ वर्षे होऊन गेली होती. १९३० साली विशीत असलेला सत्याग्रही योजनेच्या आरंभी साठी ओलांडून गेला होता, आणि १ ऑगस्ट १९८० रोजी उत्पन्नाची अट काढून तीच योजना ‘स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन’ या नावाने अधिक मोकळी झाली तेव्हा तो सत्तरीत पोचला होता. या वयात त्याला आपल्या तारुण्यातील काही महिन्यांचा हिशेब तारीखवार मांडायचा होता, त्याला साक्षीदार आणि कागद जोडायचे होते, आणि तो तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय व मंत्रालय अशा पायऱ्यांवरून वर पाठवायचा होता. सैन्यातून निवृत्त होणाऱ्या शिपायाजवळ त्याचा क्रमांक, पलटणीचे नाव आणि सेवेची नोंद असलेले डिस्चार्ज बुक असते. सत्याग्रह्याची भरती कोणत्याही वहीत झालेली नव्हती, आणि भूमिगताने तर आपले नाव कोठे उमटू नये याचीच काळजी घेतली होती. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही अडचण इतर ठिकाणांहून अधिक बोचरी ठरली, आणि तिची कारणे या जिल्ह्यातील लढ्यांच्या स्वरूपातच सापडतात.

यवतमाळ हा वऱ्हाडचा आग्नेय भाग. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला, १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, आणि १९०५ च्या फेररचनेत जुन्या वणी जिल्ह्याला पुसद तालुका जोडून यवतमाळ जिल्हा आकाराला आला. येथील जंगलाची इंग्रजांनी प्रतवारी केली होती : इमारती लाकूड व सरपण देणारे जंगल पहिल्या वर्गात, ‘रमणे’ म्हणजे गवतासाठी राखलेले माळ आणि बाभुळबने दुसऱ्या वर्गात, आणि गुरचराईचे जंगल तिसऱ्या वर्गात. जंगलातून घरापुरते सरपण, कुंपणाचे काटे, गुरांचे गवत घेण्याच्या गावकऱ्यांच्या जुन्या वहिवाटीला या प्रदेशात ‘निस्तार’ म्हणतात. राखीव जंगलात ही वहिवाट परवान्यावर आली, चराईला पैसे पडू लागले, आणि जंगलखात्याचा नाकेदार हा सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकारचा सर्वांत जवळचा व सर्वांत जाच करणारा प्रतिनिधी झाला. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने या बंधनांना एकत्रित रूप दिले. त्यामुळे १९३० मध्ये कायदेभंगाची हाक आली तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या जिल्ह्याला मोडण्याजोगा कायदा शोधत बसावे लागले नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर मिठाचा सत्याग्रह झाला. यवतमाळने विळा हातात घेतला.

वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले आणि यवतमाळात वकिली केलेले माधव श्रीहरी तथा लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात परवान्याशिवाय गवत कापून या सत्याग्रहाचा आरंभ केला. त्यांना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे २१ जुलै रोजी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी आपल्या तुकडीसह सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि ती त्यांनी अकोल्याच्या तुरुंगात भोगली. पुढाऱ्यांच्या बाबतीत दिवस, जागा, शिक्षेची मुदत आणि तुरुंगाचे नाव असा सारा तपशील चरित्रांतून व वृत्तपत्रांतून उपलब्ध आहे. त्यांच्या मागोमाग रमण्यात उतरलेल्या माणसांच्या बाबतीत तसे नाही, आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने याच माणसांचा होता. त्यांच्यात कुणबी शेतकरी होते, गावोगावचे कारागीर व मजूर होते, तसेच तांड्यांवरचे बंजारा आणि जंगलालगतचे गोंड, कोलाम होते. सत्याग्रहाचा महिना आषाढाचा होता हेही ध्यानात घेतले पाहिजे. निंदण-डवरणीच्या ऐन दिवसांत घरचा कर्ता पुरुष तुरुंगात गेला की त्या वर्षीचे पीक तणाने खाल्ले असेच समजावे. हे नुकसान कोणत्याही न्यायालयाच्या नोंदीत आले नाही आणि पुढे निवृत्तिवेतनाच्या नमुन्यातही त्यासाठी रकाना नव्हता.

केंद्राच्या योजनेत तुरुंगवासासाठी किमान सहा महिन्यांची अट होती. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींसाठी ती तीन महिन्यांवर आणलेली होती. शिक्षा किती सुनावली यापेक्षा प्रत्यक्ष किती दिवस भोगली याला महत्त्व होते. वेगवेगळ्या वेळी भोगलेले तुकडे एकत्र मोजता येत, खटला चालू असतानाचा कच्च्या कैदेचा काळ शिक्षा झाल्यास जमेस धरला जाई, आणि नेहमीच्या सुटीपैकी एक महिन्यापर्यंतची सूट भोगलेल्या शिक्षेत मोजली जाई. नियम वाचताना तो उदार वाटतो, परंतु जंगल सत्याग्रहाला लावला की त्याचा खरा परिणाम दिसतो. खुद्द लोकनायकांना १९३० मध्ये झालेली शिक्षा बरोबर सहा महिन्यांची, म्हणजे योजनेच्या उंबरठ्याएवढीच होती. गवताचा भारा कापल्याबद्दल साध्या स्वयंसेवकाला होणारी शिक्षा अनेकदा याहून कमी असे, आणि काहींवर तर दंडच बसे. शिवाय ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतर सत्याग्रही कैद्यांची सुटका झाली, म्हणजे १९३० च्या दिवाळीच्या सुमारास सहा किंवा नऊ महिन्यांसाठी आत गेलेला माणूस चार-पाच महिन्यांत बाहेर आला. त्या वेळी ज्या सुटकेबद्दल गावाने गुढ्या उभारल्या असतील, त्याच सुटकेमुळे पन्नास वर्षांनी त्याचा अर्ज काही आठवड्यांनी कमी पडला. दंड भरण्याचे नाकारल्यावर जप्त झालेली भांडी आणि बैल यांचा विचार ‘मालमत्तेचे नुकसान’ या कलमाखाली होऊ शकत होता, पण जप्तीचा कागद जपून ठेवणारे घर विरळाच.

जिल्ह्यातील दुसरा लढा सरहद्दीचा. पैनगंगा ही यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा, आणि १९४८ पर्यंत तिच्या पलीकडच्या काठावर निजामाचे हैदराबाद संस्थान होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी अलीकडच्या काठावर तिरंगा फडकला, तर पलीकडे तो फडकवणे हा गुन्हा होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली, आणि त्यानंतर संस्थानाबाहेर राहून लढा चालवण्यासाठी कृती समितीने सरहद्दीलगत शिबिरे उघडली. नांदेड भागातील लढ्याचे असे एक महत्त्वाचे केंद्र उमरखेड येथे, तेव्हाच्या पुसद तालुक्यात होते, आणि पुढे ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक म्हणून ख्याती पावलेले अनंत भालेराव यांनी त्या केंद्राचे नेतृत्व केले. रझाकार म्हणजे कासिम रझवी याच्या निमलष्करी संघटनेचे स्वयंसेवक. त्यांच्या अत्याचारांमुळे गावे सोडून निघालेली कुटुंबे नदी ओलांडून याच बाजूला आली, आणि रात्री नदी ओलांडून करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके, पोलीस चौक्या व दप्तरे यांवर हल्ले करणाऱ्या तुकड्याही येथूनच निघाल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवर झालेला हल्ला या लढ्यातील सर्वांत गाजलेली घटना होय. त्याच संध्याकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील भारतीय सैन्याच्या कारवाईने, जिला लोक ‘पोलीस अॅक्शन’ म्हणतात, हा लढा संपला.

या शिबिरांची कायदेशीर स्थिती मुळातच अवघड होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला होता, त्यामुळे भारताच्या हद्दीतून संस्थानावर होणाऱ्या हल्ल्यांची उघड नोंद भारतीय अधिकाऱ्यांकडून ठेवली जाण्याचा प्रश्न नव्हता. शिबिराने हजेरीपट ठेवला असता तर तो शत्रूच्या हाती लागण्याची भीती होती. भूमिगतांसाठी योजनेची अट अशी की माणूस सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत असावा आणि त्याला सरकारने फरारी घोषित केलेले असावे, किंवा त्याच्या अटकेसाठी बक्षीस लावलेले असावे, किंवा त्याच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघून तो बजावता आलेला नसावा. म्हणजे लढणाऱ्याची ओळख पटवण्याचे काम ज्याच्याविरुद्ध तो लढला त्या राजवटीच्या दप्तरावर सोपवले गेले. उमरखेडच्या शिबिरातून निघून एका रात्रीत परत येणाऱ्या, तोंडाला फडके बांधलेल्या तरुणाचे नाव निजामाच्या पोलिसांना कळले नाही, हे त्याच्या कामातील यशच होते. निवृत्तिवेतनाच्या कचेरीत तीच त्याची उणीव ठरली. केंद्र सरकारने ही विसंगती पुढे काही अंशी मान्य केली आणि हैदराबाद मुक्तिलढ्यातील ९८ सरहद्द शिबिरांना मान्यता देऊन, व नंतर आणखी १८ शिबिरांची त्यांत भर घालून, तेथे राहिलेल्यांचा वेगळ्या निकषांवर विचार केला. त्यासाठी नेमलेल्या विशेष छाननी समितीचे अध्यक्ष ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते चंद्र राजेश्वर राव होते. हा निर्णय योग्यच होता, फक्त तो आला तेव्हा शिबिरातील तरुणांचे नातू शाळेत जाऊ लागले होते.

अर्जदाराला सर्वप्रथम अडवत असे ती तारीख. हैदराबाद संस्थानात फसली सन चालत असे. त्याचे वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई, पुढे दै, बहमन असे इराणी नावांचे महिने येत, आणि १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ हे वर्ष. दप्तर उर्दूत. नदीच्या अलीकडे इसवी सन, घरात शक आणि तिथी, आणि माणसाच्या डोक्यात यांपैकी एकही नाही. तेथे काळ मोजला जातो तो घटनांनी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला या भागात ‘मानमोडी’ म्हणत, आणि कित्येकांचे जन्मवर्ष मानमोडीच्या आधी दोन की नंतर तीन एवढ्यावरच ठरलेले असे. शाळेचा दाखला असलाच तर त्यावरची तारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली. अशा माणसाने ‘पोळा झाल्यावर गेलो आणि तिळसंक्रांतीला घरी आलो’ असे सांगितले तर शेतकऱ्याच्या पंचांगात ते विधान अगदी नेमके असते. अर्जाच्या नमुन्यात मात्र दिवस, महिना, वर्ष असे तीन चौकोन होते, आणि ते कोणी तरी भरून द्यावे लागत. तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस ते भरून देई. त्याने घातलेली तारीख आणि सहकाऱ्याच्या दाखल्यातील तारीख जुळली नाही की म्हाताऱ्यावर खोटेपणाचा संशय येई.

नावांचाही असाच घोळ. तुरुंगाच्या नोंदवहीत पुष्कळदा माणसाचे व बापाचे नाव आणि जात एवढेच असे. आडनाव नंतर शाळेने किंवा मतदार यादीने लावलेले. राठोड, चव्हाण, पवार, आत्राम, मेश्राम ही आडनावे ज्या तालुक्यात शेकड्यांनी आहेत तेथे १९३० च्या नोंदीतील माणूस आणि १९८० चा अर्जदार एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी पुन्हा शपथपत्र लागे.

मूळ अभिलेख मिळवणे हा त्याहून मोठा प्रवास होता. १९५६ पर्यंत यवतमाळ मध्य प्रदेशात होते, आणि त्याआधीच्या मध्य प्रांत व वऱ्हाडात एका जिल्ह्यातील कैदी दुसऱ्या टोकाच्या तुरुंगात पाठवण्याची पद्धत होती. यवतमाळात खटला चाललेला माणूस अकोला, अमरावती किंवा नागपूरला तर जाईच, पण जबलपूरलाही पाठवला जाऊ शकत असे. राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि जबलपूर दुसऱ्या राज्यात राहिले. त्यामुळे पुसदच्या सत्याग्रह्याला आपल्या तुरुंगवासाचा दाखला परराज्यातून मागवावा लागे. नोंदवह्या नष्ट झाल्या असतील तर अभिलेख उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र संबंधित शासनाकडून घ्यायचे, आणि त्यानंतरच दुय्यम पुरावा, म्हणजे सहकाऱ्यांचे दाखले, ग्राह्य धरले जात. ‘काही मिळाले नाही’ असे लेखी देण्यासाठीसुद्धा कोणी तरी शोध घ्यावा लागतो, आणि तो शोध घेण्याची घाई अर्जदाराशिवाय दुसऱ्या कोणालाही नसते.

सहबंदी प्रमाणपत्र म्हणजे त्याच तुरुंगात बरोबर असलेल्या दुसऱ्या स्वातंत्र्यसैनिकाने दिलेला दाखला. तो देणाऱ्याचा स्वतःचा किमान एक वर्षाचा तुरुंगवास सिद्ध झालेला असावा लागे, आणि असे दोन दाखले लागत; देणारा आजी किंवा माजी खासदार-आमदार असेल तर एक पुरे होई. भूमिगताच्या बाबतीत दाखला देणाऱ्याने दोन वर्षांचा तुरुंगवास भोगलेला असावा अशी अपेक्षा होती. या नियमाने प्रत्येक तालुक्यातील दोन-चार वृद्ध पुढाऱ्यांच्या स्वाक्षरीला विलक्षण वजन आले, आणि ते पुढारी गेले की त्या भागातील सगळ्या अनुयायांचा इतिहास निराधार झाला. बापूजी अणे २६ जानेवारी १९६८ रोजी, म्हणजे योजनेच्या चार वर्षे आधी निवर्तले. स्वामी रामानंद तीर्थ यांचे निधन २२ जानेवारी १९७२ रोजी झाले. योजना सात महिन्यांनी आली. जंगल आणि सरहद्द या दोन्ही लढ्यांत कोणी काय केले हे अधिकाराने सांगू शकणारी दोन माणसे, जेव्हा त्यांच्या एका ओळीची गरज होती, तेव्हा हयात नव्हती. योजना दहा वर्षे आधी आली असती तर यवतमाळचे कितीतरी अर्ज वेगळ्या वाटेने गेले असते.

महाराष्ट्र शासनाची स्वतःची स्वतंत्र योजनाही होती, आणि तिच्यात जिल्हा पातळीवरील गौरव समितीच्या शिफारशीला महत्त्व होते. ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयाने भूमिगतांकडून सविस्तर शपथपत्र मागितले : कोणत्या भागात, कोणाबरोबर, कोणते काम केले, त्यापायी घर सोडावे लागले काय, शिक्षण सुटले काय, पोलिसांची मारहाण झाली काय. या प्रश्नांनी लढ्याचा खरा तपशील बाहेर यायला हवा होता, आणि काही ठिकाणी तो आलाही. परंतु एकदा एखादे शपथपत्र मंजूर झाले की त्याचीच भाषा पुढच्या अर्जांत उतरू लागली. पत्रके वाटली, निरोप पोचवले, भाकरी नेल्या, शस्त्रे लपवली ही वाक्ये ठरावीक क्रमाने येऊ लागली. खऱ्या सैनिकाची आठवण अशी अर्जनवीसाच्या साच्यात ओतली गेली आणि तिची ओळख हरवली. त्याच साच्यात खोट्याला शिरणे सोपे झाले. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण या वाटेने घडले. निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, आणि २००५ मध्ये भाऊराव दगडू परळकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीने मिळवलेल्या लाभाला संरक्षण नाही असे स्पष्ट केले. ते योग्यच होते. तरीही त्या प्रकरणाचा भार सर्वत्रच्या खऱ्या अर्जदारांवर पडला. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्याकडे चोराच्या नजरेने पाहिले जाऊ लागले.

न्यायालयांनी याच्या उलट बाजूचाही विचार केला होता, हे विसरता येत नाही. मुकुंदलाल भंडारी यांच्या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही योजना सन्मानाची आहे, म्हणून अर्ज उशिरा आला एवढ्यावरून तो नाकारता येणार नाही. मात्र वेतन अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून द्यावे. २००१ च्या गुरदयाल सिंग खटल्यात पुराव्याचे माप ठरवले गेले : फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा येथे मागू नये, संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहावे. कायद्याने घेतलेली ही भूमिका इतिहासलेखनाच्या भूमिकेपासून फार दूर नाही. इतिहासकारही निर्विवाद पुरावा क्वचितच मिळवतो. तो साक्षी ताडून पाहतो आणि जे अधिक संभवते ते स्वीकारतो.

योजनेच्या कोणत्याच कलमात न बसलेल्या माणसांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पैनगंगेच्या अलीकडच्या गावांनी निर्वासितांना ओसऱ्या आणि गोठे मोकळे करून दिले, शिबिरांसाठी ज्वारी दिली. घरातील स्त्रियांनी रात्री-अपरात्री चुली पेटवल्या, आणि नदीच्या उताराची खूण माहीत असलेल्यांनी तुकड्यांना पाण्यातून वाट दाखवली. त्यांना अटक झाली नाही, ते फरारी नव्हते, त्यांना फटके बसले नाहीत; म्हणून नियमाच्या दृष्टीने त्यांनी काहीच सोसले नव्हते. सत्याग्रह्याच्या पत्नीचा विचार योजनेने केला तो त्याच्या मृत्यूनंतर वारस म्हणून, आणि ती वारस होण्याआधीच तिने सोसलेला एक पावसाळा कोठेही मोजला गेला नाही. ज्यांना हक्क होता अशांपैकीही काहींनी देशासाठी केलेल्या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत म्हणून अर्जच केला नाही. त्यांचा निर्णय आदरणीय आहे, पण त्यामुळे त्यांची हकीकत लिहिली जाण्याची एकमेव संधीही गेली.

एकमेव असे म्हणण्याला कारण आहे. यवतमाळच्या सामान्य सत्याग्रह्याने आत्मचरित्र लिहिले नाही, त्याची पत्रे नाहीत, वृत्तपत्रात त्याचे नाव ‘आणि इतर’ या दोन शब्दांत सामावले. त्याने आपल्या आयुष्याबद्दल सलग असे काही कधी कागदावर उतरवले असेल तर ते या अर्जातील शपथपत्र. त्यात अर्जनवीसाची भाषा आहे, चुकीच्या तारखा आहेत, क्वचित अतिशयोक्तीही असेल. परंतु त्यातच रमण्याचे नाव आहे, नदीच्या उताराचे नाव आहे, बरोबरच्या पाच जणांची नावे आहेत, जी दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नाहीत. मंजूर झालेले अर्ज जितके मोलाचे तितकेच, किंबहुना अधिक, नामंजूर झालेले अर्ज आहेत, कारण सहा महिन्यांहून कमी भोगलेल्यांची, दंड भरलेल्यांची आणि साक्षीदार न उरलेल्यांची जंगल सत्याग्रहाची हकीकत त्यांतच आहे. निवृत्तिवेतनाचे प्रकरण बंद झाले की ती नस्ती प्रशासनाच्या दृष्टीने निकामी होते आणि मुदत संपलेल्या कागदांत जाते. जिल्हा प्रशासनाने आणि राज्याच्या पुराभिलेख विभागाने यवतमाळ जिल्ह्यातील अशा सर्व नस्त्या, मंजूर व नामंजूर दोन्ही, नष्ट न करता तालुकावार सूची करून अभ्यासकांसाठी खुल्या कराव्यात. आणि पुसद, उमरखेड, वणी, यवतमाळ या भागांत ज्या घरांत अशा अर्जाची कार्बन प्रत, ताम्रपट किंवा सहबंद्याचा दाखला ट्रंकेत पडून असेल, त्या घरांनी तो रद्दीत न घालता त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.